लँडमास्टरला कुठला डबा

"सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं न्हाय," गुरुबसप्पानं सुरुवातीलाच छाती फुगवली, "पण तुळजापूरच्या घाटात बैलानं माझ्या गाडीचा दिवा चाटला. जिभेनं! असा लख्ख पुसला, की मला फडकं काढावं लागलं न्हाय."

"हॉर्नबी वाजवला असंल की मग त्यानं!" जोतीराम ट्रकवाला टायरावर बसल्या बसल्या म्हणाला.

"वाजवणार होता. मालक वरडला म्हणून ऱ्हायला."

अक्कलकोट रस्त्यावरचं शिवपुत्रचं गॅरेज हसलं. हसली नाही ती एकटी महानंदा, गुरुबसप्पाची बायको. त्याच्या जुन्या लँडमास्टर मोटारीच्या पुढच्या सीटवर, दार उघडं टाकून ती बसली होती. नवऱ्याच्या टॅक्सीत तिची ती जागा ठरलेलीच. बाकीचे टॅक्सीवाले चेष्टेनं म्हणत, "राजा-राणी निघाले."

फळीवर ब्रेकला जोर देणारे दोन गोल डबे मांडलेले होते, एक लहान, एक मोठा. पेडलपासून लांब, बॉनेटखाली डबा बसवायचा, नळीनं इंजिनाला जोडायचा. इंजिनाच्या ओढीनं ब्रेक दाबला जातो, पायाला कष्ट थोडे. हे सगळं सांगून झाल्यावर शिवपुत्रनं साधी गोष्ट विचारली होती, "काका, भक्कम पायाला मोठा डबा दिला तर चाकं जाम होऊन गाडी घसरती. अधू पायाला लहान दिला तर गाडी थांबत न्हाय. खरं सांगा, पायात जोर किती हाय?"

त्यावर उत्तर म्हणून हा बैल आला होता.

"बैलगाडी आडवी," गुरुबसप्पा रंगात आला. "उतार, गाडीत पाच माणसं, आणि इंजिन बंद. पेट्रोल महागल्यापासून उतारावर इंजिन चालू ठेवणारा डायवर दावा मला! मी नुसता अंगठा टेकला. अंगठा! गाडी उभी. मागं म्हातारी तंबाखू मळत हुती, तिची चिमूटसुदिक सांडली न्हाय."

महानंदानं हात पदराखाली घेतले. मागच्या संक्रांतीला त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात परत आला, तोंड तर गेलंच नव्हतं. पाय मात्र गेला तो गेलाच. तेव्हापासून ती प्रत्येक खेपेला शेजारी बसे. ॲक्सिलरेटरची तार त्यानं हातानं ओढायची करून घेतली होती. ब्रेकच्या वेळी ती वाकून त्याचा पाय उचलून पेडलवर ठेवी आणि दोन्ही तळव्यांनी गुडघा दाबी. बैलगाडी आडवी आली त्या दिवशी तिनं सगळं अंग टाकलं होतं. गाडी थांबली ती कडेच्या खडीच्या ढिगात. तिच्या बांगड्या फुटल्या, मनगट चिरलं. शेजारणीला तिनं सांगितलं, रहाटाचा दोर सुटला.

"एवढा जोर असंल तर लहानच बसवू," शिवपुत्रनं लहान डबा उचलला. "पण काका, इंजिन बंद केलं की डबा मेला म्हणून समजा. मग सगळा भार पायावर."

"त्याची काळजी तू नको करू. आन् आता हिला घरीच ठेवतो. बिचारी उगं उन्हातान्हात. पुढं एक गिऱ्हाईक जास्त बसंल. उद्याच सकाळी तुळजापूरची खेप हाय."

"अण्णा, बैलाला आमचा रामराम सांगा," जोतीराम म्हणाला.

गुरुबसप्पा हसला. मान मागं टाकून, डोळे बारीक करून, संक्रांतीआधी हसायचा तसा. महानंदा त्या तोंडाकडे बघत राहिली. इतके महिने तिनं ह्याच हसण्यासाठी बैलाला जीभ फिरवू दिली होती. आता तोंड उघडलं तर गाडी जाईल, आणि गाडीबरोबर हा माणूस दारातल्या बाजेवर बसेल, रस्त्याकडे बघत, कुणाला काही न सांगता. नाही उघडलं तर उद्या तो एकटाच घाट उतरेल, इंजिन बंद करून.

शिवपुत्रनं पाना हातात घेतला. ती गाडीतून उतरली.

"ठेव खाली तो डबा, शिवपुत्रा. मोठाबी नको."

"का गं?" गुरुबसप्पाचं हसू अजून ओठावरच होतं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

"खोटं बोलत्यात हे. अंगठा न्हाय टेकला. पाय मेलाय त्यांचा. ब्रेक मी दाबती."