चालूबाबांचा ताईत आणि सोळावी ओळ

मावशीच्या शिवणाच्या दुकानात त्या दिवशी इतकी गर्दी होती, की माप द्यायला आलेल्या एका गृहस्थांचा डावा हात वरच राहिला. "खाली घ्या" म्हणायला कुणाला सवडच नव्हती. समोर मावशीचा कॉम्प्युटर मरून पडला होता आणि बंद यंत्रं मंत्राने चालू करणारे चालूबाबा त्याला उठवणार होते.

झालं होतं एवढंच, की अपडेट चालू असताना वीज गेली आणि तेव्हापासून पडद्यावर काळोख. पण त्या काळोखात मावशीचे वीस वर्षांचे नमुने होते. कॉलर, बाह्या, पाठीत वाकलेल्या गिऱ्हाइकांसाठी आठ वेळा उसवून बसवलेली खास पाठ. "ते गेले तर मी फक्त बटणं लावायच्या कामाची गं," असं ती म्हणाली, तेव्हा मीसुद्धा विनोद केला नाही.

बाबांनी कॅबिनेटवर लाल कापड टाकलं, गळ्यातला जाडजूड ताईत मुठीत घेतला आणि हात कापडाखालून मागे घातला.

"हे विद्युत्पिशाच्चा! रॅममध्ये रमू नकोस! डिस्कमध्ये दडू नकोस! माउसच्या बिळातून मुकाट बाहेर नीघ!"

पंखा घरघरला. पडद्यावर निळंशार आकाश उगवलं. शेजारचे न्हावीकाका हात जोडून उभे राहिले. त्यांच्या दुकानात एक अर्धी दाढी तशीच वाळत होती.

"पण माझे नमुने कुठायत?" मावशीने विचारलं.

"माई, त्याला नवा जन्म मिळालाय. तुला तुझी मागच्या जन्मातली मापं आठवतात का?"

"बरोबर आहे," न्हावीकाका म्हणाले. त्यांना सकाळची गिऱ्हाइकंही आठवत नसत.

"आतली डिस्क मात्र बाधित आहे. ती माझ्याकडे दे. मी ती शांत करीन."

मावशीने डोळे पुसले आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. त्या ॲप्रनचा हुक लावून घ्यायला आल्या होत्या. कुठलंही भोक दिसलं की त्यात आरसा घालून बघायची त्यांना सवय. खिशातला तो चिमुकला आरसा त्यांनी कापडाखाली सरकवला आणि म्हणाल्या, "मागे काहीतरी नवीन बसवलंय. मूळचं नाहीये."

मी कापड उचललं. ताईताचं झाकण उघडं होतं आणि आतला पेनड्राइव्ह कॅबिनेटमध्ये घुसवलेला होता.

"यात कॉम्प्युटर चालवणारी लिनक्सची आख्खी प्रणाली आहे," मी म्हणाले. "कॉम्प्युटर डिस्कऐवजी इथूनच उठलाय. डिस्क यांनी उघडलेलीच नाही, मग नमुने दिसणार कुठून? आता बघा." मी ताईत उपटला. आकाश गोठलं, बाण जागच्या जागी थिजला.

बाबा मुळीच डगमगले नाहीत. "शक्ती ताईतातच असते, पोरी. डिस्क मेलेली आहे. ताईताशिवाय उठवून दाखव. नाही उठला तर डिस्क माझी."

गर्दीला हे फारच आवडलं. मावशीने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि मला म्हणाली, "कर."

मी माझा पेनड्राइव्ह सगळ्यांना दाखवून लावला आणि नवी प्रणाली बसवायच्या सूचनांचा छापलेला कागद टेबलावर ठेवला. एकोणीस ओळी, एकेक करून हाताने टाइप करायच्या. डिस्कचे दोन भाग दिसले.

"मला फक्त आकार सांग," मावशी म्हणाली. मी सांगितले. "म्हणजे लहान तुकड्यावर ती मोडकी प्रणाली आणि मोठ्यात माझे नमुने. मोठ्याला कात्री लावलीस तर तंगडं मोडीन, कार्टे."

लहान तुकडा पुसला, त्यावर नवी प्रणाली उतरवली, मोठा तुकडा कुठे जोडायचा ते लिहिलं, घड्याळ लावलं, पासवर्ड ठेवला. मावशी प्रत्येक ओळीपुढे शिवणाच्या खडूने खूण करत होती. काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं पळायला लागली की न्हावीकाका नमस्कार करत.

"काका, या नुसत्या सूचना आहेत."

"असू दे. याने केस परत येतात का?"

सगळे खो-खो हसले. मीही. मग उरलेल्या ओळी उरकल्या, पेनड्राइव्ह काढला आणि बटण दाबलं.

काळोख. कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत होती, बस्स.

बाबांनी पिशवीचं तोंड उघडून पुढे धरलं.

"थोडा विश्वास ठेवा," मी घाईघाईने म्हणाले.

"अगं, हे तर बाबांचं वाक्य," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मावशीने कागद उचलला, चष्मा वर केला. "पंधरावीला खूण आहे. सतरावीला आहे. सोळावीला नाही."

सोळावी ओळ! कॉम्प्युटर उठल्या उठल्या त्याला प्रणालीचा पत्ता सांगणारा छोटा प्रोग्राम बसवायची. ती काकांच्या केसांत हरवली होती.

पेनड्राइव्ह पुन्हा लावला. सोळावी ओळ मावशीने स्वतः एका बोटाने टाइप केली, पेनड्राइव्ह काढला, बटणही तिनेच दाबलं. पडद्याने पासवर्ड विचारला. मोठा तुकडा उघडला. कॉलर. बाह्या. "ही बघ माझी पाठ," ती म्हणाली आणि काचेवरून बोट फिरवत राहिली.

बाबा पिशवी आवरायला लागले, तर तिच्यातून चार 'शांत' डिस्क खाली पडल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: 'विकणे आहे. उत्तम चालू.' एकीवर न्हावीकाकांच्या दुकानाचं स्टिकरही होतं.

"ही तर माझी! ही बाधित होती ना?"

बाबांनी तडक रस्ता धरला. ताईत इथेच राहिला. मावशीने तो पुसून नमुन्यांची दुसरी प्रत त्यातच ठेवली. हे काम खरं तर सगळ्यात आधी करायचं असतं. मी विसरले होते. आता कागदाच्या माथ्यावर मावशीच्या अक्षरात शून्यावी ओळ आहे.

न्हावीकाका माझ्या पायांकडे वाकले. मी त्यांच्या हातात कागद आणि खडू दिला. "उद्या तुमचा कॉम्प्युटर. टाइप तुम्ही करायचं."

मंत्र फसला की दोष तुमच्या श्रद्धेचा निघतो. कागद फसला की कुठली ओळ राहिली ते कागदच दाखवतो, आणि ती मावशीलाही सापडते, माझ्यासारख्या शहाणीची वाट न बघता. म्हणून चमत्कार करणारा कुणीही असो, मीसुद्धा, त्याला दोनच गोष्टी सांगा: कापड उचल, आणि ओळी लिहून दे.

"मी हात खाली घेऊ का?" कोपऱ्यातून आवाज आला.