अग्नीला निघालेली पोथी

मी पोथी बोलतेय. हाताने लिहिलेली, दोन-अडीचशे वर्षांची. बियास नदीकाठच्या या अंगणात मला कोऱ्या रुमालात बांधून ठेवलंय आणि समोर लाकडं रचली जाताहेत. जीर्ण ग्रंथांना इथे माणसासारखा अग्नी देतात. माझ्याकडे वेळ नाही, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

माझा जन्म एका म्हातारीच्या तोंडून झाला. माई रज्जी लहानपणी गढीच्या वेढ्यात सापडली होती. गढी पडली त्या दिवशी आईने तिला मोरीतून बाहेर ढकललं आणि स्वतः आत राहिली. हे सगळं तिचा नातू सोभा सिंह लिहून घेत होता.

“दादी, आत माणसं किती होती?”

“मला काय ठाऊक, पुत्तर? मी आईचा हात बघत होते.”

त्याने तेवढंच लिहिलं, पदरचं काही घातलं नाही. म्हणून ती पानं मला अजून प्राणापलीकडे प्रिय आहेत.

पुढे माझी शिवण सुटली. शिवणाऱ्याने तेव्हाच्या मालकाला खूश करायला एक नवं पान मध्ये घुसडलं. त्यात मालकाचा पूर्वज हत्तीवर बसून येतो आणि वेढा फोडतो. हत्ती कसला डोंबलाचा! त्या गढीच्या दारातून म्हैस जाताना अडकायची. पण पोथीला विचारतो कोण?

दर संगरांदीला, म्हणजे महिन्याच्या संक्रांतीला, माझं वाचन व्हायचं. मोरीच्या पानाला बायका डोळे पुसायच्या आणि हत्तीच्या पानाला पुरुष मिशीवरून हात फिरवायचे. आता त्या मालकाच्या घरात त्याचे वंशज गुरमेज सिंह आणि त्यांची बायको तेज कौर. गुरमेज सिंहांचा सगळा रुबाब त्या हत्तीवर.

गेल्या आठवड्यात कॉलेजात इतिहास शिकवणारी रवनीत आली. तिने मला उजेडात धरून पान न् पान पाहिलं.

“बाबाजी, हत्तीचं पान मागाहून घातलंय. शाई वेगळी, अक्षर वेगळं. पुरावा म्हणून यावर विसंबता येणार नाही. बाकीची पानं मात्र...”

“बास!” गुरमेज सिंह उठलेच. “म्हणजे माझा बाप, आजा, सगळे खोटं वाचत आले?”

“तसं नाही हो, बाबाजी. मी सोमवारी कॅमेरा घेऊन येते. एकेक पान तपासू.”

त्यांनी ऐकलंच नाही. चार दिवस ते नीट जेवले नाहीत. आज सकाळी जीर्ण ग्रंथ गोळा करणारा टेम्पो गावात आला, तसं त्यांनी मला उचललं.

तेज कौर दारात आडवी आली. “सरदारजी, चार दाणे किडके निघाले म्हणून कोणी पोतं जाळतं?”

“खोटं घरात ठेवायचं नाही, आणि गुरूंचं नाव असलेलं रद्दीत टाकायची माझी छाती नाही. जाऊ दे तिला मानाने.”

अनवाणी पायांनी, डोक्यावर घेऊन त्यांनी मला टेम्पोत ठेवलं. रागावू तरी कशी त्यांच्यावर?

पण अहो, कोणीतरी थांबवा हे! मी जिथे खोटं बोलते तिथे मला पकडा, खडसवा, दुसऱ्या पोथ्यांशी ताडून पाहा. हत्तीचं पानसुद्धा राहू द्या, माणसाला मोठेपणाची किती भूक असते ते त्यातून कळेल. पण जाळू नका. मला तुमचा हा मान नको. त्या पोरीचा संशय परवडला, ती मला वाचत तरी होती.

लाकडांवर तूप ओतलं. सगळे माझ्यापुढे माथा टेकताहेत.

सोमवारी रवनीत येईल. तेज कौर तिला मोरीची गोष्ट सांगेल, आठवेल तशी. रवनीत ती लिहून घेईल. मग कोणीतरी विचारेलच, “या बाईचं खरं कशावरून?”

तेव्हा दाखवायला मी नसेन.