ज्युलियसच्या टाचेवरचं कलम

लविनाने मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा ते माझ्या डोक्यावरून गेलं. मुलगी माझी हुशार, पण समजवायला बसली की माझं डोकं फिरतं. म्हणे, माझ्या नवऱ्याच्या, ज्युलियसच्या मांडीतून चिमूटभर मांस घेतलं, तिच्या प्रयोगशाळेत वाढवलं, त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं उगवलं आणि तो तुकडा त्याच्या टाचेच्या जखमेवर शिवला.

"उगवलं म्हणजे? बी पेरलं होतं?"

"पेशी, मम्मी! त्या आपोआप नळ्या करतात. आता पप्पांच्या शिरा त्यांना जाऊन मिळाल्या की झालं."

"आणि नाही मिळाल्या तर?"

तिने स्वतःच्या गुडघ्याखाली बोटाने रेघ ओढली. तेवढं मात्र मला नीट समजलं. साखरेमुळे जखम सात महिने भरत नव्हती. हेही फुकट गेलं तर पाय गुडघ्याखालून काढायचा. आणि कागदावर सही माझी! ज्युलियस म्हणाला होता, "मटिल्डा, तूच काय ते ठरव, मला काय कळतंय?" जसं काही मला कळत होतं.

आठ दिवस पट्टी उघडायची नाही, अशी ताकीद होती. सहाव्या दिवशी दुपारी मला राहवेना. ज्युलियस घोरत होता. साबणाने हात धुतले, पट्टी सोडली. तुकडा पांढराफटक! देवा रे, मेला की काय हा? की असाच असतो?

वटारच्या आमच्या वाडीत चाळीस वर्षं मी चाफ्याची कलमं बांधली. कलम जगलं का बघायचं तर साल नखाने जराशी खरवडायची, आत हिरवं दिसलं की जगलं. माझं नख आपसूक गेलं. ज्युलियसच्या टाचेला काही जाणवतच नाही, तो घोरतच राहिला.

लाल ठिपका उमटला. मग त्याचा थेंब झाला.

लविनाला फोन लावला. तिने आधी मला चांगलंच झापलं. "वेड लागलंय का, मम्मी? जंतू गेले म्हणजे?" मग एकदम थांबली. "कुठे खरवडलंस? कडेला?"

"मधोमध."

पलीकडून हुंदका आला.

"अगं, रडतेस काय? मी पाय घालवला का त्याचा?"

"मम्मी, तुकडा शिवला तेव्हा त्यात रक्ताचा थेंब नव्हता. हे पप्पांचं रक्त आहे. पोचलं तिथे! स्वच्छ पट्टी लाव आणि आत्ताच्या आत्ता त्यांना घेऊन ये."

मी ज्युलियसला गदागदा हलवलं. "ऊठ, ऊठ!"

"काय झालं?" तो दचकून म्हणाला.

काय सांगणार, कप्पाळ! त्याचा पाय मांडीवर घेतला आणि ढसाढसा रडले.