दुधातली गोळी

कामचुकार माणसाचा मला भारी संताप. त्यातून तो नवरा असला, तर विचारूच नका.

आमचं केस कापायचं दुकान आहे. हे गिऱ्हाइकाची खुर्ची पार तळाला नेऊ लागले, दाढी करताना कोपर त्याच्याच खांद्यावर टेकू लागले. स्टुलावरून उठायचं तर आरशाखालच्या फळीला धरून. मी फटकारायचे, “अहो, कात्री आहे ती, पहार नव्हे!”

“हात वर राहतच नाहीत गं. ती कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केल्यापासनं.”

“नाचता येईना, अंगण वाकडं!”

एक दिवस त्यांनी गोळ्या सरळ कचऱ्यात फेकल्या. मी त्या उचलून माझ्या धाकट्या भावाकडे गेले. त्याचं औषधांचं दुकान आहे. तो म्हणाला, “ताई, भावोजींचे वडील याच वयात हार्ट अटॅकनं गेले. गोळी चुकू देऊ नकोस. अंग काय, सगळ्यांचंच दुखतं.”

झालं. जेवणानंतर हे दूध पितात, त्यात मी गोळी कुटून घालू लागले. तीन महिने घातली. नवऱ्याचा जीव वाचवत होते ना, मोठी शहाणी! वर तोंड चालूच. “गोळी सोडली ना? तरी हात लुळेच? नाटकं नुसती!”

शेवटी त्यांना स्वतःच्या केसांतून कंगवा फिरवता येईना. सोंग उघडं पाडायचंच म्हणून मी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला. “गोळी कधी बंद केली?”

“तीन महिने झाले,” हे म्हणाले.

“आणि तरी स्नायू झिजतायत. साधा त्रास गोळी थांबली की ओसरतो. हा दुसरा प्रकार दिसतोय, क्वचितच होतो. शरीर आपल्याच स्नायूंवर उलटतं. खात्रीच्या तपासणीचा रिपोर्ट यायला वेळ लागेल. तोवर थांबायला नको, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आजच सुरू करू. जबर असतात, पण इलाज नाही.”

गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

“थांबा,” मी म्हणाले. “गोळी बंद झालेलीच नाही. मी दुधातनं देतेय. कालसुद्धा दिली.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “मग आधी गोळी खरोखर बंद. ती औषधं तपासणीचा रिपोर्ट आल्यावर बघू. यांना इथंच ठेवून घेते.” माझ्याकडे बघून म्हणाल्या, “फार उशिरा बोललात.”

हे ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मलाच वाटायला लागलं होतं,” ते म्हणाले, “की मी खरंच नाटक करतोय.”

संध्याकाळी वॉर्डात मी कँटीनमधून दूध आणलं. पेला पुढं केला. त्यांनी आधी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“आधी तू पी.”

मी त्यांच्यासमोर अर्धा पेला प्यायले. उरलेला त्यांच्या ओठांना मलाच लावावा लागला. त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता.