दोनशे बाकं

परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती आणि धाकटीने दुपारी जेवताना जाहीर केलं, "मी काही मेडिकलला परत बसणार नाही."

गेल्या वर्षी तिचं अकरा मार्कांनी हुकलं होतं. तेव्हापासून घरात एकच वाद: अवघड काय, इंजिनिअरिंग की मेडिकल? दादाला इंजिनिअरिंग एका फटक्यात मिळालं होतं, त्यामुळे स्वारी भलतीच शेफारली होती. "तुमची नुसती घोकंपट्टी! आमच्यात डोकं चालवावं लागतं," हे त्याचं पालुपद. आई त्याला दटावायची खरी, पण पोरीकडे बघून सुस्कारा टाकायची. आपलंच डोकं कमी, असं धाकटीच्या मनाने पक्कं घेतलं होतं.

बाबा शाळेत शिपाई. शाळा परीक्षेचं केंद्र होती आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये कसलीशी परीक्षा होती. बाबा वाद घालणाऱ्यातले नव्हेतच. हात धुऊन म्हणाले, "चला दोघंही. बाकं लावायचीत."

दोन तास ओढाओढ करून हॉल भरला. दहा ओळी, ओळीत वीस बाकं. बाबांनी खिशातून खडू काढला.

"समज, ही सगळी मेडिकलची पोरं. आत किती जातात?"

"विसांत एक," धाकटी पुटपुटली.

बाबांनी दर ओळीत एका बाकावर फुली मारली. दहा फुल्या. धाकटी बघतच राहिली. गेलं वर्षभर तिने हा आकडा शंभरदा वाचला होता, पण तो असा दिसत असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. बाकंच बाकं, आणि फुल्या शोधाव्या लागत होत्या.

"आता तुझं," बाबांनी त्या फुल्या पुसून खडू दादाकडे दिला. "तिघांत एक ना?"

दादा खडू घेऊन उभाच राहिला. "ते मला मिळालं त्या कॉलेजचं झालं," तो म्हणाला. "मला हवं होतं ते कॉलेज वेगळं." त्याने पुढच्या ओळीत एक फुली मारली, चालत चालत पार मागे गेला आणि दुसरी मारली. "बस. दोनच. मी पहिल्या वर्षाला असताना गुपचूप परत बसलो होतो, ताई. तेव्हाही नाही झालं."

धाकटीला त्याने जन्मात पहिल्यांदा, आणि तेही चुकून, ताई म्हटलं होतं. ती हसली नाही. ती त्या दोन बाकांमधलं अंतर बघत होती.

बाबा फडक्याने त्याही फुल्या पुसायला लागले. "वीस वर्षं बाकं लावतोय मी. हा हिशेब येणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असतो. तरी सकाळी सातला गेटाशी ही गर्दी. मला तर त्यांना बघूनच धडकी भरते. काय छातीची पोरं!"

धाकटीने घड्याळ पाहिलं. साडेचार.

"ऑफिसातला कॉम्प्युटर चालू आहे का, बाबा?"

दादा तिच्यामागे धावला. "अगं, पण परत नाही मिळालं तर?"

"तर नाही मिळालं," ती जिना उतरता उतरता म्हणाली. "पण एवढ्या सगळ्यांत माझं एकटीचंच बाक रिकामं नको."