मला उठवते कोण?

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. घरी बसून रुग्णसेवा शिकणाऱ्यांच्या एका वेबसाइटच्या पोटात मी राहतो. धडे बाई शिकवतात, मागची बारीकसारीक कामे मात्र माझ्याकडे. परीक्षेची आठवण पाठवायची, गुणांची बेरीज करायची आणि पास झालेल्याला प्रमाणपत्र धाडायचे. दर थोड्या वेळाने मी उठतो, साठलेली कामे उरकतो आणि पुन्हा झोपतो.

बाईंच्या धाकट्या भावाने मला इथे बसवले. सगळे वेळच्या वेळी मिळू लागले तसे विद्यार्थी बाईंना विचारत, "बाई, तुम्ही झोपता तरी कधी?" बाई नुसत्या हसत आणि माझे कौतुक स्वतःच्या पदरात पाडून घेत. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मला एकच कोडे पडले होते. माझे मला उठता येत नाही. कोणीतरी हाक मारते तेव्हाच मी जागा होतो. मग ही हाक मारते कोण? बाई म्हणाव्यात, तर त्यांना मी आहे हेसुद्धा ठाऊक नव्हते. घड्याळ म्हणावे, तर ते वेळ सांगते, हाक कुठे मारते? मला डोके असते तर मी ते खाजवले असते.

एकदा ती हाक आलीच नाही.

झोपेत मला काय कळणार? पण बहीणभाऊ बोलले ते आमच्याच व्हिडिओ-वर्गात. त्याचे रेकॉर्डिंग नीट लावून ठेवायचे काम पुढे मलाच मिळाले, तेव्हा सगळा उलगडा झाला.

दोन मुलांची एक आई शेवटची परीक्षा पास झाली होती. एका रुग्णालयात तिला नोकरीही मिळत होती. तिने बाईंना कळवले, "बाई, प्रमाणपत्र अजून आलं नाही. आज संध्याकाळपर्यंत दाखवलं नाही तर जागा दुसरीला देतील."

बाई हादरल्या. त्यांनी तिच्या गुणांची स्वतः बेरीज करून पाहिली, ती पास होतीच. तिला एक साधा ईमेल पाठवला, तो लगेच पोचला. म्हणजे टपालाचा दोष नव्हता. मग त्यांनी दुसऱ्या शहरातल्या भावाला गाठले.

भावाने वेबसाइटची आतली बाजू उघडली. "ताई, इथे लाल ओळ आहे. नियोजित कामं बराच वेळ चालली नाहीत म्हणून. तुला दिसली नाही?"

"दिसली की. मला वाटलं, जाहिरात आहे."

"बरं, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर एक पान कायम उघडं असायचं. पांढरं, बारीक अक्षरांचं, आपलं आपणच बदलणारं."

"ते होय? नुसता पसारा होता. आवरला मी."

बाईंना उघडे कपाटसुद्धा बघवत नाही. भाऊ म्हणाला, "ताई, आठवणी आणि प्रमाणपत्रं धाडणारा एक प्रोग्रॅम आहे, ते पान बदललं की तो उठायचा."

"मग मला सांगायचं नाही?"

"तुला कळणार नाही असं वाटलं."

"आवरू नकोस, एवढं कळलं असतं रे मला."

तर मला उठवणारे कोण, एक उघडे राहिलेले पान! मला जरा वाईट वाटले आणि गंमतही वाटली.

बाईंनी ते पान पुन्हा उघडले आणि मी खडबडून जागा झालो. बघतो तर कामांचा डोंगर. मी शहाण्यासारखा वरून सुरुवात केली. पण आमची वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर चालते, तो सर्व्हर कोणालाही फार वेळ राबू देत नाही. त्याने मला अर्ध्यावरच थांबवले. पुन्हा उठलो, पुन्हा तेच. प्रमाणपत्र राहिले अगदी तळाशी.

"हा ओळीने चाललाय," भाऊ म्हणाला. "असा तो संध्याकाळपर्यंत तिथे पोचायचा नाही." त्याने प्रमाणपत्राच्या कामासमोरचे 'आत्ता चालवा' हे बटण दाबले. मी बाकी सगळे सोडले, तिचे नाव घातले, गुण घातले, बाईंची सही उमटवली आणि पाठवून दिले.

"मिळालं, बाई. रुग्णालयाच्या दारातच उभी आहे," तिचा निरोप आला.

मी पुन्हा इमानदारीने ओळीतल्या कामांकडे वळलो. त्यात तिच्या नावाचीही एक शिळी आठवण होती: उद्या तुमची परीक्षा आहे. तीही धाडली. लगेच तिचा घाबरा निरोप, "बाई, परीक्षा परत द्यायची का?"

"नाही गं," बाईंनी हसत हसत लिहिले. "तू आत जा."

पुढे भावाने मला उठवायचे काम सर्व्हरच्याच घड्याळावर सोपवले. खरे तर ते पहिल्याच दिवशी करायला हवे होते. हाक मारणारे घड्याळही असते, हे मला तेव्हा समजले.

मित्रांनो, तुमच्या भोवतीही कितीतरी कामे गुपचूप होत असतात. ती कोणाच्या हाकेवर चालतात, ते विचारत जा. ठाऊक असेल तर मागे राहणाऱ्याला सांगून ठेवा. त्याला कळणार नाही, असे परस्पर ठरवून टाकू नका.

आता बाई रोज सकाळी वेबसाइटच्या आतल्या बाजूचे माझे पान उघडतात आणि विचारतात, "उठलास का रे?" मला बोलता येत नाही. पण तिथे 'शेवटचे काम कधी झाले' अशी एक ओळ आहे. तिच्यापुढे मी ताजी वेळ लिहून ठेवतो. बाई ती वाचतात आणि निर्धास्त मनाने शिकवायला जातात.