पंजाबरावांचं विरजण

आमच्या अंजनगावच्या ऑफिसात इंटरनेट म्हणजे नळाची बारीक धार. म्हणून मी सोय केली: मोठं अपडेट एका कम्प्युटरनं उतरवायचं, बाकीच्यांनी तुकडे एकमेकांकडून घ्यायचे. पंजाबरावांनी लगेच आपली केबल काढली. त्यांचा घरशेजारी आणि ऑफिसातला सहकारी योगेश तेव्हा चहाला गेला होता.

"काहून, भाऊ?"

"योगेशच्या कम्प्युटरातून मले काही नको. शेताच्या धुऱ्याच्या भांडणापासून बोलत नाही आमी."

"शेजाऱ्याकडून विरजण आणतो, तसंच आहे हे."

"विरजणही नाही आणत त्याच्याकडून." मला ते पटवून द्यायला त्यांनी घरी बायकोला फोन लावला, तोही स्पीकरवर. "केशर, आपलं विरजण कोनाकडचं असते?"

"योगेशभाऊच्या घरचं. दुसऱ्या कोनाचं दही तुमाले आवडते?"

पंजाबरावांनी केबल परत लावली. "येऊ दे अपडेट. पन योगेशले सांगू नको."